दांड्याचा क्लच

सोमवार, ३ तारीख

ही म्हणाली, "माझ्यापुढे ओरडून काय उपयोग? ते इंजिन मी बनवलंय का? वहीत लिहा आणि मोकळे व्हा." म्हणून लिहितो आहे. ही म्हणजे माझी बायको. मी खरंच लिहायला बसेन असं तिला वाटलं नसणार.

आज ट्रकचं नवीन इंजिन आलं. नवीन म्हणजे नव्या मॉडेलच्या, अपघातात गेलेल्या गाडीचं काढून आणलेलं. माझ्या जुन्या इंजिनाचा क्रँक गेल्या महिन्यात चढावर तुटला, आणि तसलं इंजिन आता कुठेच मिळत नाही, असं तेव्हापासून प्रत्येक जण मला मयताची बातमी द्यावी तशा आवाजात सांगतो आहे. खोक्यातून हे ध्यान बाहेर आलं. वर सगळीकडे काळी प्लॅस्टिकची झाकणं. इंजिनाला प्लॅस्टिक! बघूनच तोंड कडू झालं. खालच्या बाजूला आधीच्या मालकाने साठवलेला तेलाचा आणि मातीचा बोटभर थर होता, तो मिस्त्रीने पत्र्याने खरवडला आणि माझ्या पायाशी टाकला. शिसारी आली.

काचेच्या कारखान्याचा मॅनेजर चोवीस तारखेपर्यंत थांबायला तयार आहे. चोवीसला सकाळी माझा ट्रक फाटकात नसेल तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल, आणि एकदा गेला की कायमचा गेला. एकोणीस वर्षं मी त्यांच्या काचा वाहतोय, दारापेक्षा मोठाल्या, आणि गाडी उचलताना हिसका बसून आजवर एकही तडकलेली नाही. त्याचं कारण माझा डावा पाय. क्लच सोडावा तर मीच. हे मी म्हणत नाही, मॅनेजर म्हणतो.

बुधवार, ५ तारीख

इंजिन चेसीत उतरवलं आणि घोडं तिथेच अडलं.

माझ्या ट्रकचा क्लच दांड्यांचा. पेडल दाबलं की एक दांडा सरकतो, त्याने आडवा शाफ्ट फिरतो, शाफ्टवरची लिव्हर दुसऱ्या दांड्याला ढकलते आणि क्लच सुटतो. लोखंडाने लोखंड ढकलायचं, लपवाछपवी नाही. नव्या इंजिनात हे काम तेल करतं. पेडलपाशी एक पंप, इंजिनापाशी एक पंप, मधे नळी. त्यामुळे आडव्या शाफ्टचं टोक टेकवायला या इंजिनावर जागाच ठेवलेली नाही.

मिस्त्री माझ्याच वयाचा आहे. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असतं, "होईल." पण आज तो म्हणाला, "मालक, तेलाचाच लावू या ना. सगळं सामान इंजिनाबरोबर आलंय. पेडल पिसासारखं लागेल."

"पिसं कोंबडीला शोभतात," मी म्हटलं.

तेलाचा क्लच मला ठाऊक आहे. मेहुणा आधी ज्या गाडीवर होता तिची नळी मी बसलेलो असताना फुटली होती. केबिनभर नासक्या माशासारखा वास, बोटांना चिकट घाण, आणि भर रस्त्यात चार तास दोघेही एकमेकांची तोंडं बघत बसलो. दांडा तुटला तर तारेने बांधून माणूस घरी येतो. तेल कशाने बांधणार?

"दांड्याचाच हवा," मी सांगितलं.

"होईल," मिस्त्री म्हणाला. पण म्हणायला त्याने वेळ घेतला.

शनिवार, ८ तारीख

पुठ्ठा कापून मापं घेतली आणि जाड पत्र्याचा एक ब्रॅकेट बनवला. तो क्लच हाउसिंगच्या दोन बोल्टांवर बसेल आणि शाफ्टचं टोक त्यात फिरेल. कल्पना माझी. वेल्डिंग मिस्त्रीचं, आणि ते बघवत नव्हतं. वाळलेल्या शेंबडासारखा सांधा. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, घासून काढू.

वेल्डिंग बघायला जवळ उभा होतो तेव्हा एक ठिणगी डाव्या बुटात गेली असावी. मला पत्ताच नाही. घरी मोजा काढला तर तळपायाला नाण्याएवढा फोड, मोज्याला भोक, आणि जळक्या कातड्याचा तो ओंगळ वास. ही किंचाळली. "अहो, एवढं भाजलं तेव्हा कळलं नाही?"

"चाळीस वर्षं गाड्या हाकल्यात. कातडी जाड झाली आहे," मी म्हटलं.

नंतर मी पेपर वाचत असताना ती बराच वेळ मलम लावत बसली होती. मधेच विचारलं, "आता कळतंय का?"

"काय?"

"काही नाही." बघतो तर तिच्या हातात केसांची पिन. जखम साफ करायला पिन कोण घेतं? गलथानपणा नुसता.

मंगळवार, ११ तारीख

लेथवाल्याने शाफ्टच्या टोकासाठी बुश करून दिला, पितळेचं कडं. बुश म्हणे! आत शाफ्ट घातला तर तो मंदिराच्या घंटेसारखा हलत होता. एवढा ढिला बुश बसवला तर पेडलची निम्मी हालचाल खडखडण्यातच जाईल. परत करायला सांगितला तर तळहातावर शिंकला आणि त्याच हाताने माझ्याशी हात मिळवायला आला. मी हात खिशात घातले.

घरी येताना जिन्यात डाव्या पायातली चप्पल मागच्या पायरीवर राहिली. या महिन्यात चौथ्यांदा. हल्ली चपलासुद्धा धड बनवत नाहीत. पट्टा एकदम ढिला. उजव्या पायातली बरोबर बसते, म्हणजे जोडी एका मापाची नसतेच. दुकानदाराला जाऊन फैलावर घेणार आहे.

वर मेहुणा येऊन बसलेला. हिचा धाकटा भाऊ. आधीची नोकरी सुटल्यापासून रोज संध्याकाळी येतो, चहा पितो आणि विचारतो, "भाऊजी, गाडी कधी निघणार?" तुला काय करायचंय? मी आतल्या खोलीत गेलो की बहीणभावाचं कुजबुजणं सुरू. माझ्या सीटवर त्याचा डोळा आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

गुरुवार, १३ तारीख

आज नवलच घडलं. ही डबा घेऊन गॅरेजात आली. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदाही तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं, डिझेलच्या वासाने तिला मळमळतं. आज नाकाला पदर लावून उभी. मी गाडीखालून बाहेर आलो तर ती आणि मिस्त्री पाण्याच्या टँकरमागे बोलत होते. मला बघताच दोघांनी तोंडं मिटली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"डब्याचं झाकण अडकलं होतं," ही म्हणाली. "यांनी उघडून दिलं."

मिस्त्रीच्या हातांनी उघडलेला डबा! झाकणावर पाचही काळी बोटं उमटलेली. मी निम्मं जेवण टाकून दिलं.

शनिवार, १५ तारीख

इंजिन सुरू झालं. आवाज शिलाई मशीनसारखा, पण चालतं आहे. क्लच जोडला, पेडलवर पाय ठेवला आणि मला धक्काच बसला. इतकं हलकं पेडल मी जन्मात दाबलं नव्हतं. मिस्त्री खिडकीतून बघत होता. "कसं वाटतं, मालक?"

"बरं आहे," मी म्हटलं. खोटं कशाला लिहू, आनंद झाला होता.

तो आनंद पहिला गिअर टाकेपर्यंत टिकला. कर्र्र! दातांवर कानस फिरवल्यासारखा आवाज. दुसरा, रिव्हर्स, सगळ्यांची तीच तऱ्हा. क्लच पूर्ण सुटतच नव्हता. अंगावर काटा आला. मी गाडीखाली शिरलो आणि मला सापडलं. शाफ्टवरच्या लिव्हरला मूळचं एक भोक असतं, टोकाला. मिस्त्रीने शाफ्टच्या जवळ दुसरं भोक पाडलं होतं, ताजं, कडा अजून चकाकत होत्या, आणि दांडा त्यात अडकवला होता. जवळच्या भोकात दांडा घातला की पेडल हलकं लागतं, पण दांडा कमी सरकतो आणि क्लच अर्धाच सुटतो. हे नवशिक्यालाही कळतं.

"हे कुणी सांगितलं करायला?"

मिस्त्रीने चिंधीने बोटं पुसली. मग म्हणाला, "तुम्हाला हलकं पडावं म्हणून केलं."

"मी हलकं मागितलं होतं?"

"नाही."

एवढ्या वर्षांचा ओळखीचा माणूस, आणि काम असलं! असल्या कारागिरीचा मला वीट आलाय. सोमवारी दांडा मूळच्या भोकात घालायचा, असं बजावून आलो. घरी सांगितलं तर हिने भाजीत मीठ दोनदा घातलं.

सोमवार, १७ तारीख

दांडा मूळच्या भोकात. गिअर लोण्यासारखे पडले. पण पेडल! पेडल आता असं लागतं की भिंत ढकलतोय. माझ्या ट्रकचं पेडल कधीच असं नव्हतं. मी त्याचं ऐकलं नाही म्हणून मिस्त्रीने मुद्दाम काहीतरी आवळून ठेवलंय, याची मला खात्री आहे.

मग ते झालं. मिस्त्री म्हणाला, "पहिला टाकून क्लच दाबून धरा, मी शाफ्ट बघतो." बॉनेट उघडं, तो बंपरपुढे वाकलेला, त्याच्या मागे चार हातांवर भिंत. मी सगळं अंग टाकून दाबून धरलं. दहापर्यंतही मोजून झालं नसेल, पेडल पायाखालून सटकलं. गाडीने उडी मारली. मिस्त्री कसा बाजूला फेकला गेला, त्याचं त्यालाच ठाऊक. गाडी भिंतीला धडकून बंद पडली. त्याचं बसायचं लोखंडी स्टूल मधे होतं, ते पत्र्यासारखं चपटं झालं.

तो जमिनीवर बसून राहिला. पाणी प्यायला. मग विचारलं, "मालक, पाय निसटला का?"

"रबर निसटलं," मी म्हटलं. "पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय. बदला."

या वेळी तो "होईल" म्हणाला नाही. माझ्या तोंडात घरी येईपर्यंत गंजलेल्या लोखंडाची चव होती.

बुधवार, १९ तारीख

पेडलला नवीन रबर. स्प्रिंग बदलली. सगळ्या सांध्यांना ग्रीस. तरी तेच. हे नवं इंजिन मऊ फाउंडेशन रबरांवर बसतं, सुरू झालं की डुलतं, डुललं की ब्रॅकेट ओढतं, म्हणून पेडल जड लागतं, असं मी मिस्त्रीला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "इंजिन बंद असतानाही जड लागतंय ना?" उलट उत्तरं द्यायची सवय लागली आहे त्याला.

संध्याकाळी मेहुणा गॅरेजात टपकला. मिस्त्रीने मला न विचारता त्याला म्हटलं, "बसा, एक फेरी मारा." आणि हा बसला! माझ्या सीटवर! गाडी भिंतीपासून मागे घेतली, आवारात दोन फेऱ्या मारल्या, चढावरच्या फाटकाशी थांबवून पुन्हा उचलली. हिसका नाही, खरखर नाही. खाली उतरून म्हणाला, "मस्त आहे की, भाऊजी."

"जड नाही लागत?"

त्याने मिस्त्रीकडे बघितलं. "थोडं जड आहे," म्हणाला. "हो, आहे थोडं."

लाळघोट्या. आधी मस्त, मग जड. याला स्वतःचं मत म्हणून काही नाहीच.

शुक्रवार, २१ तारीख

मिस्त्री भंगारवाल्याकडचा स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन आला. तो पेडलला अडकवून ओढला. बावीस किलो. मग आवारातल्या पाण्याच्या टँकरपाशी गेला. तो ट्रक माझ्याच मॉडेलचा, माझ्याच वर्षाचा, कंपनीच्या मूळ क्लचचा. तिथेही ओढला. चोवीस.

"तुमचं दोन किलोंनी हलकंच आहे, मालक," तो म्हणाला. आवाजात टोचणी नव्हती, त्याचीच मला जास्त चीड आली.

"काटा भंगार आहे."

"असेल."

"मी घरी नेऊन तपासतो."

"न्या," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. ग्रीसने बरबटलेला. मी झटकून टाकला. चोवीस तारीख तीन दिवसांवर आली, आणि हा माणूस मला खोटे काटे दाखवतोय.

शनिवार, २२ तारीख

सकाळी उठल्या उठल्या काटा तपासला. वीस लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरून दाराच्या चौकटीला टांगला. कॅनसकट एकवीस दाखवले. दोन कॅन टांगून बघितले, बेचाळीस. काटा खरा आहे. हे लिहितानासुद्धा हात थांबला.

मग मी ते केलं. का केलं, माहीत नाही. मिस्त्रीला खोटं पाडायचं होतं, असं तेव्हा वाटत होतं. स्वयंपाकघरातली खुर्ची मधोमध ओढली. काट्याचं एक टोक खुर्चीच्या मागच्या पायाला बांधलं, दुसऱ्याला पट्टा लावला आणि तो तळपायाखालून घेतला. पाय पुढे रेटला की काटा ताणला जाणार. पण काटा मागे, तो बसल्या जागेवरून दिसेना. हिला हाक मारली. "मागे बस आणि आकडा वाच."

"कसला आकडा?"

"तू वाच फक्त."

आधी उजवा. रेटला. "पस्तीस... अडतीस," ही म्हणाली. ठीक.

पट्टा डाव्या पायाला लावला. तो लावतानाच मला दम लागला होता. नीट बसलो, खुर्चीच्या कडा धरल्या.

"बावीस," ही म्हणाली.

मी अजून पाय रेटलाच नव्हता.

आणि बावीस हा आकडा मी घरात कुणालाही सांगितला नव्हता.

मी मान वळवली. तिचं काट्याकडे लक्षच नव्हतं. खाली फरशीवर बसून ती माझ्या पाठीकडे बघत होती, आणि रडत होती. मी म्हटलं, "आता खरं वाच." आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. मांडी थरथरायला लागली, कपाळावर घाम आला.

"वाच."

"नऊ."

पुन्हा रेटला. "नऊच," ती म्हणाली. "अहो, पुरे आता."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला. झोपेत तुमचा तो पाय कसा पडलेला असतो ते बघितलंय मी. डॉक्टरचं नाव काढलं की तुम्ही ताट सरकवून उठता."

"ते भोक तू पाडायला लावलंस?"

"हो. मिस्त्री आधी नाहीच म्हणत होते. मी हात जोडले त्यांच्यापुढे."

"गिअर खरडत होते!"

"खरडू देत की! गाडीच तर होती!" ती ओरडली. लग्नाच्या तीस वर्षांत ती माझ्यावर अशी पहिल्यांदाच ओरडली. मग तिने पट्टा सोडला, पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसली. मला वरवर काहीतरी फिरल्यासारखं जाणवत होतं, दुसऱ्याच कुणाच्या पायावरून हात फिरावा तसं.

सोमवारची ती उडी आठवते आहे. माणूस बंपरपुढे वाकलेला, आणि मी हा पाय घेऊन पेडल धरून बसलेला. वर रबराला शिव्या दिल्या. तो भिंतीत चिरडला असता तर मी स्प्रिंगला शिव्या दिल्या असत्या. गेले तीन आठवडे या वहीत मी सगळ्या जगाला नाक मुरडलं. आज माझी मलाच किळस आली.

दुपारी गॅरेजात गेलो. काटा मिस्त्रीच्या टेबलावर ठेवला. त्याच्यासाठी नवीन स्टूल घेऊन गेलो होतो, तेही ठेवलं. त्याने स्टुलावर बसून बघितलं. "डुगडुगतंय," मी म्हटलं. "असले पाय कोण जोडतं?" तो म्हणाला, "होईल सरळ."

सोमवार, २४ तारीख

सकाळी सहाला कारखान्याच्या फाटकात ट्रक उभा होता. गाडी मेहुण्याने आणली. मी शेजारी, क्लीनरच्या जागेवर. एकोणीस वर्षांत त्या बाजूने रस्ता कसा दिसतो हे मी बघितलं नव्हतं. त्या सीटखाली कुणीतरी कधीकाळी सांडलेल्या दुधाचा आंबट वास येतो, आणि मी मालक असून मला तो ठाऊक नव्हता.

काचा भरून निघालो. चढावरच्या सिग्नलला मेहुण्याने गाडी उचलली तेव्हा मी मागच्या काचांकडे कान लावून होतो. एक किणकिण नाही. तो क्लच फार सावकाश सोडतो, इतकं कुरवाळायची गरज नसते, प्लेट झिजते. दुसरी काही खोट सापडेना म्हणून हे लिहितोय. दरवेळी त्याने पेडल दाबलं की माझ्या मांडीला ताण बसायचा आणि पाय जागचा हलायचा नाही.

माल उतरवायच्या गोदामात मॅनेजर स्वतः आला होता. त्याने एकेक काच उजेडात तपासली. मग कागद घेऊन माझ्याकडे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एकही चरा नाही! नवीन इंजिन, नवीन क्लच, आणि तरी एक हिसका नाही. उगाच म्हणतो का मी, पाय असावा तर यांच्यासारखा!"

मेहुणा दोर गुंडाळत होता. त्याने वर बघितलं नाही. तोंडही उघडलं नाही. तो आयुष्यात तोंड उघडणार नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी हसून सही केली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पेन माझ्या हातात आलंही होतं.

"गाडी याने आणली," मी म्हटलं. "माझा पाय गेलाय."

मॅनेजरने माझ्या पायाकडे बघितलं. मोठ्याने बोलणारा माणूस एकदम हळू बोलायला लागला. मला त्या हळू आवाजाची तिडीक आली. "मग... सही कुणाची घेऊ?" त्याने विचारलं.

"याची. इथून पुढे याचीच."

मी पेन मेहुण्याला दिलं. त्याने ते परत माझ्यापुढे धरलं. "भाऊजी, तुम्हीच करा ना," तो म्हणाला.

"कर म्हणतो ना!"

त्याने कागद ट्रकच्या दारावर धरला आणि सही केली. अक्षर इतकं गलिच्छ आहे त्याचं, की नाव कुणाचं तेही वाचता येत नाही.